खाली पाणी आहे

मंगळवारी डॉक्टरांनी काकांचं स्वरयंत्र काढलं. त्यानंतर ते बोलले नाहीत.

त्याआधीचं त्यांचं एक वाक्य नेदरलँड्समध्ये, आमच्या हूफडॉर्पच्या बऱ्याच मराठी घरांत पाठ होतं. "मेला नाही जी तो. पोहता येते त्याले." तुम्ही आमच्या रविवारच्या हॉलमध्ये कधी आला असाल, तर तुम्हीही ते ऐकलं असेल. पडद्यावर कोणी तटावरून किंवा जहाजाच्या डोलकाठीवरून खाली कोसळला, की ते खुर्चीतून उठत, दोन्ही हातांनी हवेतलं पाणी बाजूला सारत आणि हे वाक्य म्हणत.

ते माझ्या समोरच्या दारात राहत; मुलांचे काका, म्हणून सगळ्यांचेच. विमानतळाजवळच्या एका कंपनीत नोकरी, घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मुलगी शिकायला डेल्फ्टला. महिन्यातून एका रविवारी आम्ही काही बौद्ध कुटुंबं वस्तीतला हॉल घेतो. वंदना होते, डबे उघडतात, आणि मग ते प्रोजेक्टर लावत. सिनेमे एकाच जातीचे. हॉलिवूडचे, फार जुने, तलवारींचे. गलबतं, समुद्री चाचे, जुलमी सुभेदार, झुंबराला लटकून दालन ओलांडणारा नायक. आवाज मात्र पूर्ण बंद. सगळ्यांचे संवाद ते एकटे म्हणत, वऱ्हाडीत.

ही रीत त्यांच्या यवतमाळकडच्या गावातली. उन्हाळ्यात तिथे तंबूतला सिनेमा येई. इंग्रजी चित्रपटाची फीत इतकी झिजलेली असे, की आवाजाची नुसती खरखर. मग दारावर तिकिटं फाडणारा माणूस पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगे. "त्याले इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, ताई," ते मला सांगत. "म्हणून तर गोष्ट एवढी रंगे."

समोर बसलेले कोण, तर मुलांकडे तीन महिन्यांसाठी आलेले आईवडील. आठवडाभर खिडकीतून सायकली बघून कंटाळलेले. आणि इथेच वाढलेली मुलं, ज्यांना मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर येतं. घरी हीच मुलं व्हिडिओ गेममध्ये शहरंच्या शहरं उडवतात. तरी इथे ती मांडी घालून बसत, आणि परत जाताना कोटाच्या बाह्या तलवारीसारख्या फिरवत "हो बाजूले" म्हणत.

एकदा चिलखत घातलेला शिपाई खंदकात पडला. काकांचं वाक्य झालं. एक मुलगी डचमध्ये म्हणाली, "एवढे कपडे घालून?" तिच्या शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "इथल्या पोहण्याच्या परीक्षेत कपडे घालूनच पोहावं लागतं. डिप्लोमा असेल त्याच्याकडे." ते इतके खूश झाले की चित्रपट थांबवला. "ए, बी, सी, तिन्ही डिप्लोमे आहेत त्याच्यापाशी," ते म्हणाले. "कोणाले दाखवत नाही, एवढंच."

मी एकदा हटकलं होतं. नायकाच्या वाराने सरदाराचा माणूस जिन्यावरून पडला होता, आणि खाली दगडी फरशी स्वच्छ दिसत होती. "इथे कुठलं पाणी?"

"फरशीखाली आहे, ताई. हे हूफडॉर्प काय आहे? तळं आटवून केलेलं गाव. आपण आत्ता तळ्याच्या तळाशी पोळ्या खाऊन राहिलो. बुडालो का?"

मी पुस्तकं वाचणारी बाई. या सिनेमांत माणसं सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही का रमतात, याची कारणं मी मनाशी जुळवत असे. तिथे शत्रू समोर उभा असतो, मुजरा करतो आणि मगच वार करतो, असं काहीतरी. ते माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. "तसंही असन," ते म्हणाले. "पण मले तलवारीचं काही नाही. तो चिखलाच्या बुटांनी सरदाराच्या जेवणाच्या टेबलावर चढते ना, मले ते आवडते. हसत चढते. माझ्या आज्यानं उभ्या जन्मात पाटलाच्या ओट्याले पाय लावला नाही." मग प्रोजेक्टरची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "त्या तंबूत आम्ही पोरं जमिनीवर बसत होतो. तो टेबलावर चढला, की सगळे उभे राहत होतो."

त्यांचा आवाज शरद ऋतूत बसला. सगळ्यांना वाटलं, चाच्यांच्या आरोळ्या मारून बसला असेल. वहिनी म्हणाल्या, हाउसआर्ट्सकडे जा. इथल्या फॅमिली डॉक्टरबद्दल आम्हा लोकांचा एक जुना विनोद आहे, तुम्हीही सांगितला असेल: काहीही घेऊन जा, तो पॅरासिटामॉल घे म्हणणार. त्यांनी तो सिनेमातही घातला होता. खांद्यात तलवार घुसलेला नायक घोड्यावरून येतो आणि म्हणतो, "हाउसआर्ट्सकडे गेलो होतो. दोन गोळ्या घे म्हणे, अन् पंधरा दिवसांनी ये." हॉल हसून हसून लोळे. तोच विनोद त्यांनी वहिनींना ऐकवला आणि गेले नाहीत. हिवाळाभर मध, हळद, गुळण्या.

शेवटी गेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एकदाच घशात पाहिलं आणि त्याच आठवड्यात हॉस्पिटलला पाठवलं. पॅरासिटामॉलचं नाव काढलं नाही.

तिथे सांगितलं: स्वरयंत्र काढलं तर जगण्याची शक्यता आहे, ठेवलं तर नाही. त्यांनी विचारलं, येत्या रविवारनंतर काढलं तर चालेल का. वहिनी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या. "यांना जीव वाचवायचा नाहीये, ताई. यांना सिनेमा दाखवायचाय."

तो रविवार मला पूर्ण आठवतो. आवाज कुजबुजीएवढा उरला होता. म्हातारी माणसं खुर्च्या ओढत पुढे आली, मुलं त्यांच्या पायांपाशी. कोणी डबासुद्धा उघडला नाही. दोन तास त्यांनी कुजबुजत राजा केला, चाचे केले, राजकन्या केली. जो जो पडला, तो तो पोहून काठाला लागला. मंगळवारी शस्त्रक्रिया झाली.

नंतर नळी बसवून बोलता येईल, असं म्हणत होते. जखम भरेना. मग आजार मानेत उतरलेला निघाला.

तरी पुढच्या महिन्यात ते हॉलमध्ये आले. गळ्याला रुमाल. प्रोजेक्टर लावला, आवाज बंद केला आणि माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी बोट खाली घेतलं नाही.

मला चार माणसांत बोलता येत नाही. मी शाळेतला धडा वाचावा तसं सांगू लागले. "हा सुभेदार. हा त्याचा पुतण्या. दोघांचं युद्ध होतं. पुतण्या कड्यावरून पडतो आणि मरतो."

त्यांनी खुर्चीच्या हातावर तळहात आपटला. सगळे दचकले. ते उठले, माझ्यासमोर आले आणि दोन्ही हातांनी पाणी सारू लागले. पुन्हा. पुन्हा. तोंड हलत होतं, गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा येत होती. यात गंमत नव्हती. ते मला विनवत होते. मी घाईघाईने म्हटलं, "नाही, मेला नाही. पोहता येतं त्याला." ते खाली बसले.

शेवटचे दिवस त्यांचा पलंग घरातच, खिडकीपाशी होता. मी संध्याकाळी जाई. त्यांच्या नायकांसारखे ते हसत नव्हते. माझं मनगट धरून ठेवत, आणि ओठांवरून कळे ते एकच: जगायचंय. टीव्हीवर त्यांचा आवडता सिनेमा लावून मी गोष्ट सांगत राही.

एका संध्याकाळी नायक बुरुजाच्या टोकाला पोचला. मागे भालेवाले, पुढे काही नाही. त्याने उडी घेतली. मी म्हटलं, "खाली पाणी आहे."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही. मग बहुतेक माझा चेहरा पाहून, चादरीवरचा एक हात त्यांनी थोडा बाजूला सारला. एकदा. तो परत आणायला वहिनींना उठावं लागलं.

गुरुवारी पहाटे ते गेले. त्रिशरण, पंचशील झालं. त्याचा मराठी अर्थ त्यांच्या मुलीने म्हटला, अडखळत, पूर्ण.

पुढच्या महिन्याच्या रविवारी कोणीतरी सुचवलं, आता सिनेमा आवाजासकट लावू या. लावला. वाद्यं वाजली, पडद्यावरची माणसं भराभर इंग्रजी बोलू लागली. आजी-आजोबा थोड्या वेळाने चहाकडे उठले. मुलांनी फोन काढले. मी आवाज बंद केला. पडद्यावर एक माणूस तटावरून पडला. मी उभी राहिले आणि मला बोलता आलं नाही.

हॉल आम्ही अजून घेतो. प्रोजेक्टर वहिनींनी दिला आहे. सिनेमा आवाज बंद करून लागतो. सांगायला कोणी नाही.