मंगळाच्या दगडाची कड

दगड घासायला मी कधी घाबरले नाही. जबलपूरच्या आसपासचा काळा बेसाल्ट कॉलेजात इतका घासला आहे, की तो मलाच घाबरत असेल. पण मंगळावरून उडून इथे अशनी म्हणून पडलेल्या दगडाचा तो तुकडा टेबलावर आला आणि माझं धाबं दणाणलं. होता नखाएवढा. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला दिला होता, आणि दुसरा मिळणार नाही असं बजावून दिला होता.

तिचं सगळं काम त्यातल्या पायरॉक्सिन या खनिजावर. लाव्हा निवताना त्याचे दाणे वाढत जातात, आणि सगळ्यात शेवटी वाढलेली बाहेरची कड आतल्या भागाहून वेगळी असते. मंगळावरचा लाव्हा भरभर निवला की सावकाश, ते त्या कडेवरून कळतं. कड गेली की पोरीचा प्रबंध गेला.

तुकडा काचपट्टीवर चिकटवायचा आणि ओल्या पावडरीवर हाताने घासत जायचं, उजेड आरपार जाईपर्यंत. मशीन आहे, पण तिच्यावर माझा काडीचा भरवसा नाही. थांबायचं केव्हा, ते आमच्या इकडच्या दगडात फेल्डस्पार नावाचं खनिज सांगतं. मायक्रोस्कोपखाली ते फिकट राखाडी दिसलं की हात उचलायचा. माझ्या हाताला तेवढंच ठाऊक.

थोडं घासलं, पाहिलं. पायरॉक्सिन निळं-गुलाबी चमकत होतं, म्हणजे काप अजून जाड. पण फेल्डस्पारच्या जागी नुसतं काळं. फिरवून पाहिलं, तरी काळंच. ते उखडून गेलं, भोकं पडली, असं वाटलं आणि तोंडचं पाणी पळालं. पोरगी बाजूलाच बसलेली. तिला काय सांगू? पंखा काहून लावला, धूळ उडून राहिली, म्हणून तिच्यावरच खेकसले. पंखा बंद होता.

मला जरा सरकायला सांगून तिने पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, हे गेलं नाही. काच आहे ही. भोक असतं तर त्यात पावडर अडकली असती ना."

अगं बाई! मंगळावर काही आदळून ज्या आघाताने हा दगड तिथून उडाला त्यानेच फेल्डस्पारची काच केली, आणि काच मायक्रोस्कोपखाली काळीच राहते, हे मी दरवर्षी बोर्डावर लिहिते. घाबरलं की शिकलेलं सगळं पळून जातं. घडीभर जिवात जीव आला. मग त्याहून वाईट भीती वाटली. काच कधी राखाडी होणार नव्हती. आता थांबायचं ते पायरॉक्सिनच्याच रंगावरून, निळं-गुलाबी जाऊन पिवळं आलं की, आणि कड तर त्याचीच वाचवायची होती. एक हात जास्त फिरला तर संपलं. मी काचपट्टी उचलली आणि बोटं लटलटायला लागली.

"तूच घास आता," मी म्हटलं.

"मी? अन् बिघडलं तर?"

"माझा हात कापतोय, बेटा. तुझा नाही."

तिने ओढणी कमरेला खोचली आणि बसली. मी खिडकीशी जाऊन स्कूटर स्टँडकडे तोंड करून उभी राहिले. मागे खरखर चालायची, थांबायची, ती पाणी ओतायची, मायक्रोस्कोपवर वाकायची, मग पुन्हा खरखर. बस कर म्हणून ओरडावंसं वाटत होतं. मी ओढणीचं टोक तोंडात धरलं.

मग खरखर थांबली ती थांबलीच. विचारायची माझी हिंमत होईना.

"पिवळा आला, मॅडम. कड आहे."

मी धावत जाऊन डोळा लावला. काळ्या काचेत पिवळे, नारिंगी दाणे, आणि दाण्यांभोवती बारीक कड, शाबूत. तिची पाठ थोपटायला वळले, तर तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, आणि तिच्यासकट स्टूल थरथरत होतं.

"तुमचा कापून राहिला होता," ती म्हणाली, "म्हणून माझा कापू नाही दिला."