बत्ती हिरवी आहे ना

बाबांचे गुडघे गेले तेव्हा आमच्याकडे विजेवर चालणारी स्कूटर आली. दौलतगंजातल्या घरापासून जयेंद्रगंजातल्या मित्रांच्या बैठकीपर्यंत ते पुन्हा एकटे जाऊ लागले आणि त्यांच्या मानेतला जुना ताठा परत आला. तो मला ओळखीचा होता. कामगारांच्या सभांसाठी बाबा पत्रकं लिहायचे, मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. तडजोड ही पराभवाची पहिली पायरी, हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

चार्जर बसवायला बाबांनी आपला माणूस बोलावला. आपला म्हणजे मराठी. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात पिढ्या गेल्या तरी आमची ही खोड जात नाही. शिंपी असो की वायरमन, जो मराठीत 'काका' म्हणत दारात येतो त्याचं काम तपासायचं नसतं. तपासलं तर त्याचा अपमान होतो. या वायरमनची आई माझ्या आईच्या भजनी मंडळात गाते, त्यामुळे चहाबरोबर तिच्या दम्याची चौकशी झाली. चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि तो गेला.

त्यानंतर एका दुपारी आई ओल्या फडक्यानं स्कूटर पुसत होती. गाडी चार्जिंगला लावलेली होती. धप्पकन आवाज आला म्हणून मी धावले, तर ती पडवीत भिंतीपाशी फेकली गेली होती आणि तिच्या हाताची मूठ उघडत नव्हती. बोलता आलं तेव्हा ती म्हणाली, "गाडीनं धरलं गं मला."

मेन स्विच बंद करून मी सॉकेट उघडलं. अर्थिंगची वायर जमिनीत जायला हवी, म्हणजे भरकटलेला करंट मातीत उतरतो. आमची वायर कुठेच जात नव्हती. अर्थिंग नसलं की चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चालत नाही, म्हणून त्यानं सॉकेटच्या आतच वायरच्या बोटभर तुकड्यानं अर्थिंग न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, जोडून टाकलं होतं. यंत्र फसलं. पुढे न्यूट्रलचा ढिला स्क्रू जळाला, परतीची वाट तुटली आणि करंट त्या तुकड्यातून गाडीच्या अंगात शिरला.

मी त्याला बोलावून तो तुकडा दाखवला. खड्डा खणून खरं अर्थिंग करून दे, म्हटलं. त्यानं पडवीकडे पाहिलं. फरशी फोडावी लागेल, बरेच दिवस गाडी बंद राहील, असं तो म्हणाला. मग माझ्याकडे पाठ करून बाबांना म्हणाला, "काका, पूरे लश्कर में ऐसे ही चलता है. स्क्रू कसून देतो. बत्ती हिरवी आहे ना, बस."

मी म्हटलं, पत्रक छापीन आणि दाल बाजारातल्या भिंतीभिंतीवर लावीन.

"लगा दो, दीदी," तो हसला. "मराठीत लिहिलंत तर वाचणार कोण?"

मी बाबांकडे पाहिलं. आता ते बोलतील, असं मला वाटलं. ते स्कूटरकडे पाहत होते.

"राजीनामा करून टाक, बेटा," ते म्हणाले.

महाराष्ट्रात राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. आमच्या मराठीत हा शब्द हिंदीतला अर्थ घेऊन राहतो: भांडण आपसात मिटवून टाकणं. बाबांनी तो आमच्या अर्थानं वापरला होता. मला मात्र दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले.

तो स्क्रू कसून गेला. त्याच संध्याकाळी मी तुकडा काढून फेकला आणि दिवा लाल झाला. बाबा रागावले नाहीत. ते नुसते खिडकीपाशी बसून राहिले. बैठकीचा दिवस आला तसा गेला, मग आणखी एक गेला. त्यानंतर मी बाहेर असताना त्यांनी वायरमनला परत बोलावलं. मी घरी आले तर दिवा हिरवा होता.

"आणि आई?" मी विचारलं.

ते काही बोलायच्या आत आतून आईच म्हणाली, "मी नाही गं हात लावत. तुम्ही भांडू नका."

पत्रक मी लिहायला घेतलं होतं. पण प्रत्येक वाक्य बाबांच्या वळणाचं निघतं आणि मी ते फाडते. अर्थिंगसाठी दुसरा माणूस मी आणला, तर बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. त्यांना फरशी फुटलेली चालेल, पण गाडीशिवायचे दिवस आता चालणार नाहीत, आणि आई त्यांना ते दिवस काढायला लावणार नाही. मागच्या अंगणातल्या नळाकडे जायला पडवीतूनच वाट आहे. गाडी चार्जिंगला असली की आई पदर पोटाशी घट्ट धरते आणि स्वतःच्या घरात भिंतीला पाठ घासत, आडवी आडवी पलीकडे जाते.