रेघोट्या मॅडमची रेघ

आमच्या वसतिगृहाच्या मॅडमनी एकाही मुलीला "काय झालं गं?" असं कधी विचारलं नाही. त्या मला विचारायच्या, "मावशी, सात नंबरनं काल किती पोळ्या खाल्ल्या?" मुलींनी त्यांचं नाव रेघोट्या मॅडम ठेवलं होतं. मी त्यांना बाई म्हणायचे.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीतल्या त्या वसतिगृहात मी अकरा वर्षं स्वयंपाक केला. तिसेक मुली, सगळ्या बाहेरगावच्या. कोणी नर्सिंगला, कोणी स्पर्धा परीक्षांच्या क्लासला. बाई सिल्लोडच्या. आधी तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होत्या, संगणक तिथंच शिकल्या. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

जेवणघराच्या कोपऱ्यात त्यांचा लॅपटॉप असायचा. एका ओळीत एक मुलगी, नावाऐवजी तिचा नंबर, पुढं तारखा, तारखेखाली तिनं संध्याकाळी खाल्लेल्या पोळ्या. ओळीच्या शेवटच्या चौकोनात एक बारीक रेघ, मांजराच्या मिशीएवढी. आकडा भरला की रेघ आपोआप वर चढायची नाहीतर खाली यायची.

"तीस मुली, तीस दिवस. एवढे आकडे कोण वाचत बसणार?" बाई म्हणायच्या. "रेघ असली की पायरीवरून घसरलेलं माणूस लांबूनच दिसतं."

मी विरोधात होते. जेवणाऱ्याची पोळी मोजू नये, हे मला आईनं शिकवलं होतं. मोजणारी एक तर कंजूष असते, नाहीतर तिची नजर लागते. मी बाईंना तोंडावर सांगितलं, "पोरींचा घास मोजायला लावू नका मला. पाप लागतं."

"पाप माझ्या नावावर टाका. मोजा तेवढं."

मग मी तव्याशेजारी पाटी ठेवली आणि वाढता वाढता खडूनं लिहू लागले. मुलींना वाटलं, पीठ वाचवायचं चाललंय. कोणी म्हणायची, "मोजा मोजा, उद्या वरणातली डाळ पण मोजा." कोणी म्हणायची, "मावशी, मला दोन जास्त वाढा, मॅडमच्या मिशीला जरा पीळ पडू द्या." बाई ऐकायच्या आणि चष्मा पुसायच्या.

त्या चुकायच्याही. एकदा एका मुलीची रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली आली. बाई जिना चढून धापा टाकत तिच्या खोलीत गेल्या. पोरगी समोसे खाऊन आली होती, म्हणून तीनच्या जागी दोन पोळ्या खाल्ल्या होत्या, एवढंच. खाली येऊन बाईंनी मला समजावलं की संगणक प्रत्येकीची रेघ तिच्या तिच्या चौकोनात ताणून काढतो. एका पोळीचाही तिथं डोंगर होतो. मग त्यांनी सगळ्यांना एकच माप लावलं. मी म्हटलं, "एक पोळी म्हणजे एकच पोळी, हे मी संगणकाशिवाय सांगितलं असतं." त्या हसल्या. क्वचितच हसायच्या.

मीही चुकले. मुलगी सुट्टीला गावी गेली की मी पाटीवर तिच्यापुढं शून्य लिहायचे. बाई चिडल्या. "गावी गेली तर रिकामं ठेवा. मग रेघ तिथं नुसती तुटते. शून्य म्हणजे ती इथं होती आणि उपाशी राहिली. ते वेगळं असतं, मावशी." त्यांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला.

सात नंबरची मुलगी गप्प स्वभावाची होती. तिची रेघ पंधरा दिवस हळूहळू उतरत होती. चार, तीन, तीन, दोन, दोन, एक. रोज वाढणारी मी, मला काही दिसलं नाही. रोज बघितलं की दिसत नाही. बाई तिच्या शेजारी ताट घेऊन बसल्या, काही न बोलता जेवल्या. तीन दिवस तसंच. चौथ्या दिवशी पोरगी बोलली. घरच्यांनी सोयरीक जमवली होती, शिक्षण बंद करणार होते. बाई एसटीनं तिच्या गावी जाऊन आल्या. बापाशी काय बोलल्या ते ठाऊक नाही, पण पोरीनं नर्सिंग पुरं केलं.

एवढ्या रेघा काढणाऱ्या बाईंची स्वतःची ओळ त्यात नव्हती. मुली जेवून उठल्या की आम्ही दोघी स्वयंपाकघरात जेवायचो. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मी काय इथं शिकायला आलेय?"

पण हाताला सवय लागलेली. मी त्यांच्याही पोळ्या मोजू लागले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, पेन्सिलीनं. दसऱ्याला तीन होत्या. दिवाळीनंतर दोन. मग एक, तीही ताटात चुरून ठेवलेली. मला दिसत होतं. मी बोलले नाही. आईची शिकवण आडवी आली. वाटलं, मीच मोजल्या म्हणून नजर लागली असेल. बोलले संक्रांतीला. मधले दोन महिने माझ्या नावावर आहेत.

कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "हे भरा तुमच्या संगणकात."

"काय मावशी, तुम्ही पण!"

"भरा म्हणते ना."

त्यांनी भरलं. शेवटच्या चौकोनात रेघ आली. बाई चष्मा काढून, डोळे जवळ नेऊन बघत राहिल्या.

"उतार हाय," त्या म्हणाल्या. एरवी शुद्ध बोलायच्या, त्या दिवशी सिल्लोडचं तोंडात आलं. "लई उतार हाय."

"दवाखान्यात कधी जाता?"

"उद्या."

गेल्या. पोटातलं दुखणं होतं, फार पुढं गेलेलं. जळगावची बहीण येऊन त्यांना घेऊन गेली. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "पाटी बंद करू नका."

सात नंबर तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. आकडे ती भरू लागली. पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "मावशी, मॅडमच्या पुढं शून्य टाकू?"

"रिकामं ठेव," मी म्हटलं. "गावी गेल्यात त्या."

होळीनंतर बाईंच्या बहिणीचा फोन आला. पुढचे चौकोन रिकामेच राहिले. नव्या मॅडम आल्या. पाटी कशाला, म्हणाल्या. मी आणखी सहा महिने काम केलं आणि गुडघे गेले म्हणून सोडलं.

आता पडेगावात एका खोलीत राहते. मुलगा पुण्याला. दर रविवारी त्याचा फोन येतो. "जेवलीस का, आई?" "जेवले," म्हणते. एवढ्यानं त्याचं समाधान होतं. त्याला एकच दिवस ऐकू येतो, रेघ दिसत नाही. किती खाल्ल्या हे मला विचारणारं आता कोणी नाही, आणि बाई होत्या तोवर ते विचारणं म्हणजे काय असतं हे मला कळलं नव्हतं.

कॅलेंडर भिंतीवर आहे. माझ्या भाकरी मीच मांडते. दोन, दीड, एक. परवा चूल पेटवायचा कंटाळा आला. एकटीसाठी कोण पीठ मळणार? पेन्सिल घेतली आणि शून्य लिहिलं. रिकामं ठेवता येईना, कारण मी कुठं गेले नव्हते. इथंच होते.

त्या शून्याकडं थोडा वेळ बघत बसले. मग उठले, परातीत पीठ काढलं, एक भाकरी थापली. अर्धीच गेली. शून्य खोडून अर्धी लिहिली.