बांधावरची चौदा झाडे

तळोज्याच्या पलीकडच्या त्या शेतावर आम्ही काय पकडायला गेलो होतो, ते आठवले की निवृत्तीनंतरही कान गरम होतात. भात कापणीला आले होते. समोरच्या नव्या इमारतीतल्या एका नोकरदार गृहस्थांनी बाल्कनीतून बांधावरच्या अनोळखी झाडांचे फोटो काढले. मोबाइलमधल्या अ‍ॅपने गांजा असल्याचे सांगितले. ही खबर पोलीस ठाण्याआधी माझ्या वरिष्ठांच्या फोनवर पोचली. मी जीपमध्ये बसण्यापूर्वीच पत्रकारांना चारची वेळ दिली गेली होती. जप्त माल मांडायला टेबलावर पांढरी चादर अंथरून झाली होती. फक्त आरोपी यायचा होता.

शेत सत्तरीच्या एका आगरी विधवेचे. झाडे पुरुषभर उंच, पाने पाच बोटांसारखी कातरलेली. पंच पोचण्याआधीच माझ्या शिपायांनी उत्साहाने चौदा झाडे उपटली.

मी तिला विचारले, ही कसली झाडे?

"उपटलीव तुमी. मंग नाव पन तुमीच सांगा."

गुन्हा नोंदला तर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तुरुंगात राहावे लागेल, हे मी समजावून सांगितले. तिने हातातला कोयतासुद्धा खाली ठेवला नाही.

"माज्या बांधावर काय हाय, ते मी चोरासारखी सांगू? नाय सांगत."

खोटे बोलणारा पहिल्याच प्रश्नाला उत्तर देतो, तेही सविस्तर. गप्प बसणारे दोन प्रकारचे असतात, घाबरलेले आणि अपमान झालेले. हिची मान ताठ होती. म्हणून मी तिला सोडून झाडांची चौकशी सुरू केली. गांजाचा वास नव्हता. फूल पिवळे, पोटात गडद लाल. शेवटी एक पान चावले. आंबट.

जुडीत बांधलेली ही भाजी मी जन्मभर खाल्ली होती. उभे झाड कधी पाहिले नव्हते.

"अंबाडी," मी म्हणालो.

"आता कसं," ती म्हणाली.

वरिष्ठांना फोन केला. पत्रकार बसले आहेत, अहवाल येईपर्यंत बाईला आणून ठेवा, असे ते म्हणाले. मी म्हणालो, लेखी आदेश पाठवा. तो आजतागायत आलेला नाही.

पंचनामा वाचून दाखवला, तेव्हा बाईने अंगठा द्यायला नकार दिला. झाडे पोलिसांनी उपटली, हे त्यात नव्हते. तसे लिहू नका, असा वरून निरोप होता. मी लिहिले: "चौदा झाडे अंबाडीची. पोलिसांनी चौकशीपूर्वी उपटली." खाली सही केली. मग तिने अंगठा उठवला.

पुढच्याच महिन्यात माझी बदली नियंत्रण कक्षात झाली. तिथला पंखा ठाण्यापेक्षा चांगला होता.

नोकरीत मी पुष्कळ पंचनामे लिहिले आणि त्यांत आमची चूक बहुधा सापडायची नाही. त्या बाईने ती माझ्याकडून लिहून घेतली. कायदा मला अकादमीत शिकवला होता. तो कोणासमोर वाकत नाही, हे तिच्या बांधावर कळले.