कमळाकरच्या मॉरिसचा वास

कमळाकरच्या मॉरिस गाडीमध्ये पेट्रोलचा वास येतो, असं घरात एकट्या स्मिताचं म्हणणं होतं. एकटीचं म्हणणं म्हणजे नखरे. नावड्याच्या सिताराम मिस्त्रीनेही बॉनेटमध्ये डोकं घालून सांगून टाकलं, "वहिनी, टेन्शन नका घेऊ. गाडी ओके हाय."

तळोज्याच्या केमिकल कंपनीतले कमळाकरचे साहेब रिटायर झाले आणि जाताना ही म्हातारी गाडी त्याच्या गळ्यात मारून गेले. तेव्हापासून स्मिताला सवतच आली. रविवार उजाडला की नवरा गाडीखाली. बायकोचं समाधान म्हणून त्याने कार्बोरेटर उघडला, पंपाचा पडदा बदलला, रबरी नळ्या नव्या घातल्या, टाकीच्या सांध्याला अंगाचा साबण चोळला. वास जागचा हलला नाही.

वासही मोठा लबाड. कमळाकर थोडंसं पेट्रोल घालून कंपनीत जायचा, तेव्हा वास नाही. पेणला स्मिताच्या माहेरी निघायचं म्हणून टाकी काठोकाठ भरली, की कर्नाळ्याची खिंड चढेपर्यंत मागच्या सीटवर चार वर्षांची लेक नंदिनी पांढरीफटक पडायची. डोकं धरायची आणि ओकायची.

"माहेरी जातानाच बरा वास येतो," सासूबाई, म्हणजे यशोदाबाई, म्हणायच्या.

"कसला वास? काही नाहीये," कमळाकर म्हणायचा. स्मिताचं डोकं फिरायचं. पोर डोळ्यांदेखत आजारी पडते आणि हा माणूस नाही म्हणतो!

संक्रांतीनंतरच्या रविवारी पुन्हा पेणला निघायचं ठरलं. टाकी भरली, पिशव्या डिकीत गेल्या, नंदिनी मागे जाऊन बसली. स्मिता कुलूप लावून खाली आली तर यशोदाबाई पुढच्या सीटवर, हातात पेटलेली उदबत्ती.

"तुझा वास जायला लावली हो," त्या म्हणाल्या.

स्मिताने उदबत्ती हिसकावली, लांब मातीत टाकून चपलेने विझवली, आणि नंदिनीला खेचून बाहेर काढलं.

"आज वास सापडल्याशिवाय गाडी हलणार नाही!" ती ओरडली. गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. डोकावू देत.

तिने स्वतःच गाडी हुंगायला घेतली. बॉनेट, फक्त ऑइल. पुढची सीट, फक्त उदबत्ती. मागच्या सीटशी मात्र नाकात झिणझिणलं. तिने डिकी उघडली, पिशव्या भराभरा बाहेर फेकल्या आणि तळाच्या फळीशी नाक नेलं. तिथे काळ्या घोड्याची नाल होती. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून दसऱ्याला यशोदाबाईंनी आणलेली, आणि आईच्या शब्दाखातर कमळाकरने चांगले लांब स्क्रू पिळून बसवलेली. फळीच्या खाली टाकी.

"पेचकस द्या."

पहिला स्क्रू कोरडा निघाला. दुसरा ओला, त्याचं टोक थेट टाकीच्या माथ्यात घुसलेलं. त्याच्यामागोमाग भपकाराच आला. यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

स्मिताने तो ओला स्क्रू नवऱ्याच्या नाकाखाली धरला. "आता तरी म्हणा, वास नाही!"

कमळाकरने हुंगलं. पुन्हा हुंगलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटलं नाही.

"अहो?"

"मला येत नाही गं," तो हळूच म्हणाला. "कशाचाच येत नाही. कंपनीतल्या त्या केमिकलच्या ड्रमांपाशी बसून बसून नाकच गेलं असेल. कुठे बोललो नाही. उगाच नोकरीवर आलं असतं."

स्मिताला रडावं की त्याला बदडावं कळेना. "मग इतके दिवस 'वास नाही' म्हणून कुठल्या नाकाने भांडत होतात?"

तो खाली पडलेल्या पिशव्या गोळा करू लागला.

सितारामने टाकी उतरवून, धुऊन, भोक झाळून दिलं. नाल यशोदाबाईंनी गुपचूप ट्रंकेत ठेवली. पुढच्या खेपेला टाकी पुन्हा काठोकाठ भरली. कर्नाळ्याची खिंड लागली तशी नंदिनी मागे गुडघ्यांवर उभी राहून माकडं मोजत होती. कमळाकरने गाडी हळू केली.

"स्मिता, येतो का गं वास?"

हा प्रश्न त्याने आजवर कधी विचारलाच नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "आणि आला तर सांगेन. तेव्हा ऐकायचं."

"बरं," तो म्हणाला.