मायची परवानगी

धाकट्या भावानं अकोल्याची सरकारी नोकरी सोडली, तेव्हा मी त्याला भरल्या ताटावरून उठलेला करंटा म्हणालो. त्यानंतर पाच महिने आम्ही बोललो नाही. राग माझ्या नाकावरच असतो. त्याला भिक्खू व्हायचं होतं, आणि बाळापूर रोडवरच्या विहारातल्या भंतेजींनी आधी आईची परवानगी मागितली होती. वडील तर आमचे आधीच वारले होते. म्हणून मी मायला घेऊन अमरावतीहून निघालो. ती नाहीच म्हणेल, अशी माझी खात्री होती. रस्ताभर मी तिला तसं पढवलंही.

विहारात धाकटा मुंडण करून बसला होता. भंतेजींनी परवानगीचा हा नियम कुठून आला ते सांगितलं. बुद्धांनी आपल्याच पोराला भिक्खूचं वस्त्र, चीवर दिलं, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना फार लागलं. आधी मुलगा गेला, आता नातूही गेला. यापुढे आईबापाला विचारल्याशिवाय कुणाच्या लेकराला घेऊ नका, असं त्यांनी विनवलं आणि बुद्धांनी ते मानलं. मला बरं वाटलं ऐकून. घरी राहिलेल्या माणसाचंही कुणीतरी ऐकलं होतं.

मायनं एकच विचारलं, "मी बिमार पडली त येऊ देसान का याले?"

आजारी आईची सेवा करायला भिक्खूलाही मोकळीक आहे, भंतेजी म्हणाले. मायनं धाकट्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं.

"मंग घ्या याले," ती म्हणाली.

माझं पढवणं पाण्यात गेलं. तो चीवर नेसून आला आणि रीतीप्रमाणे मायनं त्याला खाली बसून तीनदा वाकून वंदन केलं. आता त्यानं तिच्या पाया पडायचं नव्हतं. तिसऱ्या वेळी गुडघ्यांमुळे तिला उठता येईना. त्याचा हात पुढे आला आणि तसाच थांबला. भिक्खू बाईमाणसाला हात लावत नाही, आईलाही नाही. मीच तिला उठवलं. मी स्वतः मात्र काही त्याच्यासमोर वाकलो नाही.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर आलं. तेव्हा माय म्हणाली, "त्याच्या टाचा लय फुटल्या. पुढच्या वेळी खोबरेल नेऊ. मले त हात लावता येत नाही. तू लावून देजो."

मी खिडकीकडे तोंड करून हो म्हणालो.