काचेच्या पेटीतला समुद्र

दातार सर गेल्याचा निरोप कल्याणला पोचला तेव्हा मी शाळेत भूगोलाचाच तास घेत होतो. फळ्यावर नदी अर्धी काढून झाली होती... ती तशीच राहिली.

मी मुरबाडकडचा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी नौपाड्यातल्या आपल्या घरी बसवून मला बी.एस्सी.पर्यंत नेलं. एका रविवारी ते मला कोलशेतच्या खाडीवर घेऊन गेले. ओहोटी लागली होती. पाणी उतरलं तसा चिखलातला ओहळ खोल कापत गेला आणि त्याने आणलेला गाळ खाली पंख्यासारखा पसरला. "वसंता, हिमयुगात समुद्र असाच उतरला होता," सर म्हणाले. "नद्यांचा गाळ किनाऱ्याशी न अडता थेट खोल तळाशी गेला असणार. पण तेव्हा पाऊसच कमी पडत असेल, तर न्यायला गाळ तरी किती होता?" समुद्र की पाऊस, जास्त हात कोणाचा... या प्रश्नावर त्यांनी उमेदीची वर्षं घातली. उत्तर खोल समुद्राच्या तळाशी होतं. तिथला गाळ काढून आणणाऱ्या जहाजाची दोनदा आशा लागली, दोनदा मोडली. ओंजळभर गाळासाठी माझे सर आयुष्यभर ताटकळले, ही रुखरुख काही जात नाही.

शेवटी त्यांनी घरातच काचेच्या लांब पेटीत समुद्र मांडला. एका टोकाला कोलशेतचा चिखल, मधे उतार, पलीकडे खोल पाणी. आटलेलं पाणी रोज सकाळी खुणेपर्यंत भरायचे. काकू म्हणायच्या, "लोक खाडीवरून मासळी आणतात, आमच्याकडे चिखल येतो." त्यावर सर शांतपणे, "चिखलाला काटे नसतात."

परवा काकूंना भेटायला गेलो. पेटी खिडकीशी तशीच होती, पण इतक्या आठवड्यांत पाणी कोणी भरलं नव्हतं. ते बरंच खाली गेलं होतं आणि टोकाचा चिखल उघडा पडला होता. काकूंना ते बघवेना. त्यांनी तांब्याभर पाणी आणून त्या चिखलावरच ओतलं. गढूळ लोट उतारावरून घसरला, नितळ पाण्याच्या तळाने सरकत गेला आणि सावकाश पसरला... हुबेहूब पंखा.

"हे मी ओतलं म्हणून झालं, का पाणी आधीच उतरलं होतं म्हणून?" काकूंनी विचारलं.

सवयीने मी सरांना विचारायला मागे वळलो.